एका क्लोरीन अणूचा प्रश्न : प्रतियोजी गट आणि सेंद्रिय आम्लांची तीव्रता, एक इतिहास

१. प्रस्तावना : भिलाईचे डांबर

क्लोरोॲसेटिक आम्ल हे ॲसेटिक आम्लापेक्षा तीव्र का, हा प्रश्न बी.एस्सी.च्या परीक्षेत हमखास विचारला जातो. "क्लोरीन इलेक्ट्रॉन ओढून घेतो, म्हणून" असे एका ओळीचे उत्तर लिहून आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पण या एका ओळीपर्यंत पोहोचायला रसायनशास्त्राला सुमारे शंभर वर्षे लागली. त्या वाटेवर एक मोठे भांडण झाले, एका नियतकालिकात खोट्या नावाने थट्टा छापून आली आणि शेकडो द्रावणांची चिकाटीने मोजणी झाली. शेवटी असेही लक्षात आले की ती एक ओळ खरी असली तरी अपुरी आहे. या पाठात आपण तो प्रवास पाहणार आहोत.

हा पाठ स्मृति नगर, भिलाई येथून लिहिला जात आहे, म्हणून सुरुवात भिलाईपासूनच करू. भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला. त्या वेळी भिलाई ज्या मध्य प्रदेश राज्यात होते, त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. झोतभट्टीला कोक लागतो, आणि कोक तयार करण्यासाठी दगडी कोळसा हवेशिवाय तापवावा लागतो. त्या वेळी निघणाऱ्या वायूतून अमोनिया, बेंझॉल आणि डांबर वेगळे केले जाते. एक टन कोळशामागे साधारण ३० ते ४० किलो डांबर मिळते.

याच डांबरात फेनॉल असते. डांबराच्या ऊर्ध्वपातनात मिळणाऱ्या मधल्या तेलातून फेनॉल वेगळे करण्याची जुनी रीत अशी : तेल कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने धुवायचे. फेनॉल हे आम्ल असल्यामुळे त्याचा सोडियम क्षार होतो आणि तो पाण्याच्या थरात उतरतो. बेंझीन, टोल्युईन, नॅफ्थॅलीन हे तेलातच राहतात. मग पाण्याच्या थरातून कार्बन डायऑक्साइड सोडायचा. कार्बोनिक आम्ल फेनॉलपेक्षा तीव्र असल्यामुळे ते फेनॉलला क्षारातून बाहेर काढते आणि फेनॉल वेगळा थर म्हणून मिळते.

या रीतीत काय घडते ते नीट पाहा. इथे आम्लांच्या तीव्रतेची एक उतरंडच कामाला लावली आहे. कार्बोनिक आम्लाचा पीकेए ६.३५, फेनॉलचा सुमारे १०.० (पीकेए जितका कमी, तितके आम्ल तीव्र). आता समजा, फेनॉलच्या वलयावर पॅरा स्थानी एक नायट्रो गट बसवला. पीकेए ७.१५ होतो. दोन नायट्रो गट बसवून २,४-डायनायट्रोफेनॉल केले तर ४.१. तीन बसवून पिक्रिक आम्ल केले तर सुमारे ०.४. म्हणजे विचरण स्थिरांक शंभर कोटी पटींहून अधिक वाढला, आणि हायड्रोजन सोडणारा ऑक्सिजन तर तोच आहे! फेनॉल सोडियम बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड बाहेर काढत नाही, पिक्रिक आम्ल मात्र फसफस करत काढते. बायकार्बोनेट परीक्षा दिली म्हणजे पदार्थ कार्बॉक्सिलिक आम्लच, असे प्रयोगशाळेत घाईने लिहिणारे विद्यार्थी इथे फसतात.

अणूच्या जागी अणू बदलला की रेणूचा स्वभाव बदलतो का? आपल्या इतिहासाचा मूळ प्रश्न हाच आहे.

२. भांडण : ड्युमा विरुद्ध बर्झेलियस

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रसायनशास्त्रात स्वीडनच्या बर्झेलियस यांचा शब्द प्रमाण मानला जाई. त्यांच्या मते प्रत्येक संयुग धन आणि ऋण अशा दोन भागांच्या आकर्षणाने बनते. हायड्रोजन धन, क्लोरीन ऋण. त्यामुळे हायड्रोजनच्या जागी क्लोरीन जाऊन बसावा आणि संयुगाची घडण तशीच राहावी, हे त्यांच्या सिद्धांतात बसतच नव्हते.

पॅरिसमध्ये मात्र नेमके तेच दिसत होते. असे सांगितले जाते की ट्युइलरी राजवाड्यातील एका समारंभात मेणबत्त्यांमधून घशाला झोंबणारा धूर येऊ लागला आणि त्याचा शोध ड्युमा यांच्याकडे आला. मेण क्लोरीनने विरंजित केले होते. ते जळताना हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडत होता. म्हणजे क्लोरीन नुसता मेणात मिसळलेला नव्हता, तो त्याच्या रेणूत शिरला होता. ड्युमा यांचे तरुण सहकारी ऑग्युस्त लॉरां यांनी नॅफ्थॅलीनवर काम करून याच्याही पुढचे विधान केले : क्लोरीन हायड्रोजनच्या जागी बसतो आणि रेणूचा सांगाडा तसाच राहतो. ड्युमा यांनी सुरुवातीला या विधानापासून स्वतःला दूर ठेवले.

मग ड्युमा यांनी सूर्यप्रकाशात ॲसेटिक आम्लावर क्लोरीनची क्रिया केली आणि स्फटिकरूप ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल मिळवले. तीन हायड्रोजन गेले, तीन क्लोरीन आले. तरी पदार्थ आम्लच राहिला, तेवढाच आम्लारी उदासीन करणारा आणि ॲसेटिक आम्लासारखेच क्षार देणारा. १८३९ मध्ये त्यांनी निष्कर्ष काढला की दोन्ही एकाच 'प्रकारा'ची संयुगे आहेत. म्हणजे स्वभाव ठरतो तो अणू कोणता यापेक्षा अणूंच्या मांडणीवरून.

बर्झेलियस यांनी हे मान्य केले नाही. ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल म्हणजे ऑक्झॅलिक आम्लाला जोडलेले कार्बनचे क्लोराइड आहे, त्याचा ॲसेटिक आम्लाशी संबंध नाही, असे त्यांनी मांडले. १८४० मध्ये लीबिग यांच्या नियतकालिकात व्योलर यांनी टोपणनावाने एक थट्टेचा लेख छापला. त्यात मँगनीज ॲसेटेटमधील एकेक अणू काढून सगळीकडे क्लोरीन बसवल्याचे आणि तरीही पदार्थाचा 'प्रकार' तोच राहिल्याचे वर्णन होते. लंडनच्या दुकानांत आता निव्वळ क्लोरीनचे कापड मिळते, अशी टीपही जोडलेली होती.

थट्टेने प्रश्न सुटत नसतो. १८४२ मध्ये मेल्सेन्स यांनी पोटॅशियमच्या पारदमेलाने ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाचे पुन्हा ॲसेटिक आम्ल करून दाखवले. १८४५ मध्ये कोल्बे यांनी कार्बन डायसल्फाइडपासून सुरुवात करून पायरीपायरीने ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल आणि त्यातून ॲसेटिक आम्ल तयार केले. आता दोन्ही आम्लांचे नाते नाकारण्याजोगे राहिले नाही. ड्युमा आणि लॉरां जिंकले, बर्झेलियस हरले, असे पाठ्यपुस्तकांनी लिहून टाकले.

एक गोष्ट मात्र कोणीच केली नव्हती. 'आम्लच राहिले' असे ड्युमा म्हणत होते. पण किती आम्ल? ॲसेटिक आम्लाइतकेच की अधिक? हे मोजण्याचे साधनच त्या काळी नव्हते. किती आम्लारीने आम्ल उदासीन होते हे टायट्रेशनने कळते, आणि त्यात दोन्ही आम्ले सारखीच उतरतात. तीव्रता ही वेगळी गोष्ट आहे, हे अजून स्पष्ट व्हायचे होते. आजही अनेक विद्यार्थ्यांची इथे गल्लत होते : टायट्रेशनमध्ये लागणारे सोड्याचे आकारमान आम्लाचे प्रमाण सांगते, तीव्रता सांगत नाही.

(लॉरां यांचे नाव भिलाईच्या डांबराशीही जोडता येते. जर्मनीत रुंगे यांनी १८३४ मध्ये दगडी कोळशाच्या डांबरातून 'कार्बोलिक आम्ल' मिळवले होते. १८४१ मध्ये ते शुद्ध स्फटिकरूपात लॉरां यांनी मिळवले आणि त्यापासून पिक्रिक आम्लही करून दाखवले. प्रस्तावनेतील उतरंडीची दोन्ही टोके त्यांनी हाताळली होती.)

३. मोजणी : ओस्टवाल्ड यांची शेकडो आम्ले

पन्नास वर्षांनी उत्तर आले ते विद्युतप्रवाहाच्या वाटेने. १८८४ मध्ये स्वीडनमध्ये अऱ्हेनियस यांनी विद्युत अपघटनी द्रावणांवर प्रबंध सादर केला. उप्साला विद्यापीठाने त्याला कमी दर्जा दिला. पण रीगा येथे काम करणारे विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी त्याचे महत्त्व ओळखले आणि ते स्वतः जाऊन अऱ्हेनियस यांना भेटले. आम्लांच्या रासायनिक क्रियांवरून त्यांच्या तीव्रतेचा क्रम ओस्टवाल्ड यांनी आधीच लावला होता. तोच क्रम त्या आम्लांच्या द्रावणांच्या विद्युतसंवाहकतेतही दिसत होता. १८८७ मध्ये अऱ्हेनियस यांनी पाण्यात आम्लाचे आयनांमध्ये विचरण होते ही कल्पना पूर्ण स्वरूपात मांडली. त्याच वर्षी ओस्टवाल्ड लाइपझिगला प्राध्यापक झाले.

१८८८ मध्ये ओस्टवाल्ड यांनी विरलन नियम दिला. आम्लाच्या रेणूंपैकी विचरण झालेला भाग अल्फा आणि संहती सी मानली, तर

के = (अल्फा × अल्फा × सी) ÷ (१ − अल्फा)

हा 'के' म्हणजे विचरण स्थिरांक. द्रावण कितीही विरल केले तरी सौम्य आम्लासाठी तो बदलत नाही. अल्फा मिळवायची रीत सोपी आहे : त्या संहतीला मिळालेली मोलर संवाहकता भागिले अनंत विरलनातील मोलर संवाहकता. मापनासाठी कोलराउश यांचा ब्रिज वापरला जाई. त्यात प्रत्यावर्ती प्रवाह असतो आणि टेलिफोनचा श्रवणभाग कानाला लावून आवाज जिथे सर्वांत मंद होतो ते स्थान शोधायचे असते.

१८८९ मध्ये ओस्टवाल्ड यांनी दोनशेहून अधिक सेंद्रिय आम्लांचे स्थिरांक प्रसिद्ध केले. आम्लाची घटना आणि त्याची तीव्रता यांचे नाते शोधणे हाच त्या लेखमालेचा हेतू होता. आजच्या मापनांनुसार ०.१ मोलर द्रावणात किती टक्के रेणूंचे विचरण होते, हे पाहिल्यास त्यातला मुद्दा डोळ्यांसमोर येतो :

• ॲसेटिक आम्ल (पीकेए ४.७६) : सुमारे १.३ टक्के
• क्लोरोॲसेटिक आम्ल (पीकेए २.८७) : सुमारे ११ टक्के
• ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल (पीकेए सुमारे ०.७) : सुमारे ७५ टक्के

एका क्लोरीनने विचरण स्थिरांक ऐंशीच्या आसपास पट वाढतो, तिन्हींनी दहा हजार पटींच्या वर जातो. म्हणजे ड्युमा यांचे म्हणणे अर्धेच खरे होते : सांगाडा टिकतो, पण स्वभाव तोच राहत नाही. आणि बर्झेलियस अगदीच चुकले नव्हते : क्लोरीनचा 'ऋण' गुण रेणूत शिरल्यावर पुसला जात नाही, तो दूरच्या ऑक्सिजनवरच्या हायड्रोजनपर्यंत पोहोचतो. इतिहासात हरलेल्या पक्षाचे म्हणणे कधीकधी नव्या मापनाने वेगळ्या रूपात परत येते. त्याचे हे चांगले उदाहरण आहे.

अंतराचा परिणामही संवाहकतेच्या आकड्यांतून दिसला. ब्युटिरिक आम्लाचे आजचे आकडे पाहा. मूळ आम्लाचा पीकेए ४.८२. क्लोरीन कार्बॉक्सिल गटाशेजारच्या कार्बनवर असेल तर २.८६, त्यापुढच्या कार्बनवर ४.०५ आणि साखळीच्या टोकाला ४.५२. म्हणजे स्थिरांक अनुक्रमे सुमारे नव्वद पट, सहा पट आणि दुप्पट. एकेक कार्बन लांब गेले की परिणाम झपाट्याने ओसरतो.

ओस्टवाल्ड यांचा नियम तीव्र आम्लांना मात्र लागू पडेना. संहती बदलली की 'स्थिरांक'ही बदले. या अडचणीवर कोलकात्याच्या ज्ञानचंद्र घोष यांनी १९१८ मध्ये आपला सिद्धांत मांडला : तीव्र विद्युत अपघटनींचे विचरण पूर्णच असते आणि आयनांमधील आकर्षण लक्षात घ्यावे लागते. १९२३ मध्ये डिबाय आणि ह्युकेल यांनी आयनांमधील आकर्षणाचे गणित अधिक नेमके केले आणि घोष यांची समीकरणे मागे पडली. तरी प्रश्नाला हात घालणाऱ्या पहिल्या काही जणांत त्यांचे नाव आहे. घोष पुढे खरगपूरच्या आयआयटीचे पहिले संचालक झाले.

४. स्पष्टीकरण : इलेक्ट्रॉन कुठे सरकतात?

ओस्टवाल्ड यांच्याकडे आकडे होते, पण कारण नव्हते. इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ चा, आणि दोन अणू इलेक्ट्रॉनांची जोडी वाटून घेतात ही जी. एन. लुईस यांची कल्पना १९१६ ची. लुईस यांनी क्लोरोॲसेटिक आम्लाचेच उदाहरण घेतले. क्लोरीन वाटून घेतलेली जोडी स्वतःकडे ओढतो. त्यामुळे शेजारचा कार्बन पुढची जोडी ओढतो. आणि ही ओढ साखळीने ऑक्सिजनपर्यंत पोहोचून हायड्रोजनची पकड सैल करते. हाच आपला प्रेरण परिणाम.

१९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये लॅपवर्थ, रॉबिन्सन आणि इंगोल्ड यांनी हे विचार विस्तारले. रॉबिन्सन आणि इंगोल्ड यांच्यात श्रेयावरून कटुताही आली. इंगोल्ड यांनी १९३४ च्या विस्तृत लेखात दोन परिणाम स्पष्टपणे वेगळे केले : एकेरी बंधांमधून जाणारा प्रेरण परिणाम, आणि दुहेरी बंध व एकाकी जोड्यांमधून जाणारा मेसोमेरिक परिणाम. आपण दुसऱ्याला संस्पंदन परिणाम म्हणतो.

दोन परिणाम मानावे लागले याचे कारण एका गटाच्या वागण्यातून कळते. मेथॉक्सी गट घ्या. मेथॉक्सीॲसेटिक आम्लाचा पीकेए ३.५७, म्हणजे ॲसेटिक आम्लापेक्षा तीव्र. बेंझोइक आम्लाचा पीकेए ४.२०, त्याच्या मेटा स्थानी मेथॉक्सी बसवल्यास ४.०९, म्हणजे इथेही तीव्र. पण पॅरा स्थानी बसवल्यास ४.४७, म्हणजे आम्ल सौम्य झाले! एकच गट एका जागी ओढतो आणि दुसऱ्या जागी देतो. ऑक्सिजनची विद्युतऋणता इलेक्ट्रॉन ओढते, त्याची एकाकी जोडी वलयाला इलेक्ट्रॉन देते; पॅरा स्थानाहून दिलेले इलेक्ट्रॉन कार्बॉक्सिल गटापर्यंत पोहोचतात, मेटा स्थानाहून तसे पोहोचत नाहीत. म्हणून "अमुक गट आम्लता वाढवतो" असे पाठ करण्यापेक्षा "कुठे बसला आहे?" हे आधी विचारावे.

५. एक रेषा : हॅमेट यांचे समीकरण

कारण कळले, तरी "किती" हे सांगता येत नव्हते. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील लुई हॅमेट यांनी ते करून दाखवले. अभिक्रियेचा वेग आणि समतोल यांचा परस्परांशी भरवशाचा संबंध नसतो, असे मत त्या काळी प्रचलित होते. हॅमेट यांनी मेटा आणि पॅरा प्रतियोजी गट असलेल्या बेंझोइक आम्लांच्या विचरण स्थिरांकांचे लॉग एका अक्षावर घेतले आणि त्याच गटांच्या दुसऱ्या एखाद्या अभिक्रियेचे लॉग दुसऱ्या अक्षावर. बिंदू सरळ रेषेत बसले. कार्डिफ येथे डिपी यांनी याच सुमारास बेंझोइक आम्लांची अचूक मोजणी केली होती. तशा आकड्यांशिवाय ही रेषा दिसली नसती. मँचेस्टरच्या बर्कहार्ट यांनाही असेच नाते स्वतंत्रपणे आढळले होते.

१९३७ मध्ये हॅमेट यांनी ते समीकरणात मांडले :

लॉग (प्रतियोजी संयुगाचा स्थिरांक ÷ मूळ संयुगाचा स्थिरांक) = ऱ्हो × सिग्मा

सिग्मा हा गटाचा गुण आहे. पाण्यात २५ अंश सेल्सिअसला बेंझोइक आम्लाचा पीकेए त्या गटाने किती उतरतो, तोच सिग्मा. मेटा-नायट्रो ०.७१, पॅरा-नायट्रो ०.७८, मेटा-क्लोरो ०.३७, पॅरा-मेथिल −०.१७, पॅरा-मेथॉक्सी −०.२७. ऱ्हो हा अभिक्रियेचा गुण आहे. ती अभिक्रिया गटाच्या परिणामाला किती संवेदनशील आहे, हे तो सांगतो. बेंझोइक आम्लाच्या विचरणासाठी ऱ्हो व्याख्येनेच १. वलय आणि कार्बॉक्सिल गट यांच्यामध्ये एक कार्बन घातला (फेनिलॲसेटिक आम्ल) तर तो सुमारे ०.५ होतो, दोन घातले तर सुमारे ०.२. ओसरत्या अंतराचा नियम इथे पुन्हा भेटतो. फेनॉलसाठी ऱ्हो सुमारे २.२, कारण तिथे ऋण प्रभार वलयाला थेट चिकटलेल्या ऑक्सिजनवर असतो.

आता भाकीत करून पाहू. मेटा-क्लोरोफेनॉलचा पीकेए किती असावा? १०.० − (२.२ × ०.३७) = ९.२. मोजलेला आकडा ९.१. बेंझोइक आम्लावरून शिकलेला सिग्मा फेनॉललाही लागू पडला.

पॅरा-नायट्रोफेनॉलसाठी तेच करा : १०.० − (२.२ × ०.७८) = ८.३. मोजलेला आकडा मात्र ७.१५. भाकीत दहा पटींहून अधिक चुकले. हॅमेट यांनाही हे दिसले होते. फेनॉक्साइड आयनात ऑक्सिजनवरचा ऋण प्रभार वलयातून सरळ नायट्रो गटापर्यंत पोहोचू शकतो. बेंझोएटमध्ये तशी थेट वाट नाही. म्हणून अशा संयुगांसाठी वेगळा, मोठा सिग्मा (सुमारे १.२७) घ्यावा लागला. नियम कुठे मोडतो हे पाहिल्यानेच थेट संस्पंदनाचे मोजमाप हाती आले.

हे स्पष्टीकरण खरे की सोयीचे? १९४८ मध्ये व्हीलँड, ब्राउनेल आणि मेयो यांनी त्याची परीक्षा घेतली. पॅरा-नायट्रोफेनॉलवर दोन मेथिल गट बसवायचे, पण दोन वेगवेगळ्या प्रकारे. मेथिल गट हायड्रॉक्सिल गटाशेजारी (२,६ स्थानी) असतील तर पीकेए ७.२ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ फरक नाही. तेच दोन मेथिल गट नायट्रो गटाच्या दोन्ही बाजूंना (३,५ स्थानी) असतील तर पीकेए ८.२५. शेजारच्या मेथिल गटांच्या दाटीमुळे नायट्रो गट वलयाच्या पातळीबाहेर वळतो आणि संस्पंदनाची वाट अडते. भाकीत ८.३ होते, आकडा तिथेच परत आला!

ऑर्थो स्थान मात्र हॅमेट यांनी समीकरणाबाहेरच ठेवले. तिथे दाटी, हायड्रोजन बंध आणि इलेक्ट्रॉनांचा परिणाम हे सगळे एकत्र येतात. पॅरा-हायड्रॉक्सिबेंझोइक आम्लाचा पीकेए ४.५८, तर ऑर्थो-हायड्रॉक्सिबेंझोइक म्हणजे सॅलिसिलिक आम्लाचा २.९७. सॅलिसिलेट आयनात शेजारचा हायड्रॉक्सिल गट हायड्रोजन बंधाने ऋण प्रभाराला आधार देतो. फेनॉलच्या सोडियम क्षारावर कार्बन डायऑक्साइडची क्रिया करून सॅलिसिलिक आम्ल बनवण्याची पद्धत कोल्बे यांची. म्हणजे हेही डांबराचेच अपत्य.

६. पाणी विसरू नका

इथे इतिहास संपला असता तर परीक्षेतील एका ओळीचे उत्तर पुरेसे ठरले असते. पण दोन गोष्टींनी ते अपुरे ठरवले.

पहिली गोष्ट : ओढ साखळीतून जाते की अवकाशातून? १९३८ मध्ये कर्कवुड आणि वेस्टहायमर यांनी दाखवले की प्रतियोजी गटाच्या विद्युतक्षेत्राचा परिणाम रेणूच्या आतील अवकाशातूनही गणिताने काढता येतो. १९५३ मध्ये रॉबर्ट्स आणि मोरलँड यांनी बेंझीन वलयाऐवजी पिंजऱ्यासारखा, एकेरी बंधांचा ताठ सांगाडा घेतला. त्यात संस्पंदन शक्य नव्हते, तरी गटांचा परिणाम स्पष्ट दिसला. बंधावर काढलेले लहान बाण ही एक सोय आहे. क्षेत्राचा परिणाम त्यात मावत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ॲसेटिक आम्लाच्या विचरणासाठी मुक्त ऊर्जेचा बदल मोलमागे सुमारे २७ किलोज्यूल आहे, पण एन्थाल्पीचा बदल जवळजवळ शून्य! क्लोरोॲसेटिक आम्लासाठी मुक्त ऊर्जा सुमारे १६ आणि एन्थाल्पी सुमारे −५ किलोज्यूल. म्हणजे ११ किलोज्यूलच्या फरकातील अर्ध्याहून अधिक वाटा एन्ट्रॉपीचा आहे. ॲसेटेट आयनाचा ऋण प्रभार दोन ऑक्सिजनांवर एकवटलेला असतो, त्यामुळे भोवतालचे पाण्याचे रेणू घट्ट रांगेत बसतात. क्लोरोॲसेटेटमध्ये प्रभार थोडा पसरतो, पाण्याची रांग सैल होते. क्लोरीनचा परिणाम आपण पाण्याच्या वागण्यातून मोजत असतो.

पाणी काढून टाकले तर? १९६८ मध्ये ब्राउमन आणि ब्लेअर यांनी वायुस्थितीत अल्कोहोलांची आम्लता तपासली. पाण्यातील क्रम उलटा झाला : तृतीयक ब्युटिल अल्कोहोल सर्वांत आम्लधर्मी, पाणी सर्वांत कमी. प्रोपिऑनिक आम्लही वायुस्थितीत ॲसेटिक आम्लापेक्षा किंचित तीव्र आहे, पाण्यात मात्र किंचित सौम्य (पीकेए ४.८७). "अल्किल गट इलेक्ट्रॉन देतो म्हणून आम्ल सौम्य होते" हे वाक्य त्यामुळे सावधपणे वापरावे. त्यातला मोठा भाग पाण्याचा आहे. क्लोरीनबाबत मात्र तसे नाही. क्लोरोॲसेटिक आम्ल वायुस्थितीतही ॲसेटिक आम्लापेक्षा तीव्रच आहे, आणि तो फरक पाण्यातल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. क्लोरीनची ओढ खरी आहे; पाणी ती बरीचशी झाकून टाकते.

७. आजचा उपयोग

हॅमेट यांची रेषा आम्लांपुरती राहिली नाही. १९५२ पासून टॅफ्ट यांनी ती साखळी संयुगांकडे नेली आणि दाटीचा परिणाम वेगळा केला. १९६२ मध्ये हान्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वनस्पतींच्या वाढीवर परिणाम करणाऱ्या फेनॉक्सिॲसेटिक आम्लांसाठी सिग्मासोबत तेलातील विद्राव्यताही जोडली. औषधाच्या रेणूवर कोणता गट बसवल्यास गुण किती बदलेल, याचा हिशेब करण्याच्या शास्त्राची ती सुरुवात होती. औषधाचा पीकेए किती यावर ते जठरात आणि आतड्यात कोणत्या रूपात असेल हे ठरते. कोक भट्ट्यांच्या सांडपाण्यातले फेनॉल कोणत्या पीएचला तेलात जाईल आणि कोणत्या पीएचला पाण्यात राहील, हेही त्याच आकड्यावर अवलंबून असते.

८. समारोप

या इतिहासातून तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, ड्युमा आणि बर्झेलियस यांचे भांडण वादाने मिटले नाही. योग्य राशी मोजली गेली तेव्हा दोघांचे अर्धे अर्धे खरे निघाले. दोन, आकडे आधी आले आणि कारण मागून आले. ओस्टवाल्ड यांनी इलेक्ट्रॉनची वाट पाहिली नाही. तीन, समीकरण जिथे मोडले तिथेच नवे ज्ञान मिळाले. म्हणून पुढच्या वेळी क्लोरोॲसेटिक आम्लाचा प्रश्न आला की "क्लोरीन इलेक्ट्रॉन ओढतो" एवढे लिहून थांबू नका. आयन कसा स्थिर होतो, किती अंतरावरून आणि कोणत्या द्रावकात, हेही लिहा.

स्वाध्याय

१. ०.१ मोलर ॲसेटिक आम्ल आणि ०.१ मोलर ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल यांचे प्रत्येकी १० मिलिलिटर द्रावण उदासीन करण्यास सारखेच सोडियम हायड्रॉक्साइड लागते. मग ड्युमा यांना दोन्हींच्या तीव्रतेतील फरक का दिसला नाही, ते स्पष्ट करा.
२. दिलेल्या सिग्मा मूल्यांवरून मेटा-क्लोरोबेंझोइक आणि पॅरा-मेथिलबेंझोइक आम्लांचे पीकेए काढा.
३. मेथॉक्सी गट मेटा स्थानी आम्लता वाढवतो आणि पॅरा स्थानी कमी करतो. कारणे द्या.
४. ३,५-डायमेथिल-४-नायट्रोफेनॉलचा पीकेए पॅरा-नायट्रोफेनॉलपेक्षा जास्त का, हे आकृती काढून सांगा.
५. डांबरातील तेलात फेनॉलसोबत बेंझोइक आम्ल मिसळले आहे असे समजा. सोडियम बायकार्बोनेट आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांचाच वापर करून दोन्ही वेगळे कसे कराल?